तात्पर्याच्या आधी

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घरात वाचून होतो. पवित्र शास्त्र मिटले जाते आणि आई किंवा बाबा मुलाला विचारतात, ‘काय समजलं?’ उत्तर बहुधा एकच येते : ‘आईवडिलांचं ऐकावं.’ मूल थोडे मोठे असेल तर, ‘पैसे उधळू नयेत.’ सगळ्यांना बरे वाटते, प्रार्थना होते आणि जेवणाची पाने मांडली जातात.

आता तोच दाखला पुन्हा उघडून पाहू. परदेशात डुकरे चारत बसलेला धाकटा मुलगा बापाला काय सांगायचे ते मनाशी ठरवतो. त्याच्या त्या बोलण्याचा शेवट असा, की मला तुमच्या मोलकऱ्यासारखे ठेवा. घरी पोचल्यावर तो बोलू लागतो, पण हे शेवटचे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. बाप आधीच चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. पुढे थोरला भाऊ शेतातून येतो. वाजंत्री ऐकतो, रागावतो, आत यायला तयार होत नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. दाखला अंगणातच थांबतो.

म्हणजे ‘आईवडिलांचं ऐकावं’ हे ज्याने आयुष्यभर पाळले, तोच शेवटी घराबाहेर उभा आहे. मुलाने दिलेले उत्तर नीतीच्या दृष्टीने चांगले असेल, पण ते या गोष्टीतून आलेले नाही. ते मुलाकडे आधीपासून तयार होते. दोष मुलाचा नाही. गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचे, ही आपली जुनी रीत आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ मध्ये छापली गेली. तेव्हापासून मराठी मूल गोष्टीच्या खाली बोध शोधत आले आहे. इसापाच्या गोष्टीला ते शोभते. दाखल्याची घडण वेगळी असते. ऐकणाऱ्याने आपण होऊन काहीतरी ओळखावे, यासाठी तो सांगितलेला असतो. तात्पर्य आधी हातात दिले, तर ओळखायला काही उरत नाही.

मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणारी ख्रिस्ती कुटुंबे नांदेड-लातूरकडे थोडी आहेत. मुले शाळेत जातात, पण संध्याकाळच्या कुटुंब-प्रार्थनेत रोज एक शास्त्रभाग वाचला जातो, अशी घरे त्याहून बरीच जास्त. हे प्रकरण दोघांसाठी आहे. दोघांकडे एक मोठी ठेव आहे, ती म्हणजे घरात रोज मोठ्याने वाचले जाणारे एक पुस्तक. त्यात कथा आहेत, काव्य आहे, पत्रे आहेत, वंशावळी आहेत, विलाप आहे. साहित्य शिकवायला याहून समृद्ध सामग्री शोधावी लागणार नाही. प्रश्न एवढाच, की आपण ते मुलाला वाचायला शिकवतो, की फक्त वचने पाठ करवून घेतो?

वाचता येणे आणि कळणे या दोन गोष्टी आहेत. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरे ओळखून शब्द उच्चारण्याची क्षमता आणि बोललेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक शून्य असले की उत्तर शून्य. मराठी मुलाच्या बाबतीत यात एक फसगत दडलेली आहे. देवनागरीत लिहिले तसेच बहुतांशी वाचले जाते, त्यामुळे जोडाक्षरे एकदा सुटली की मूल स्तोत्रसंहिता खडाखडा वाचू लागते. ऐकणाऱ्याला वाटते, आले वाचायला. पण ‘करार’, ‘अभिषिक्त’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द त्याच्या जिभेवरून घसरून गेलेले असतात.

‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. ही चिंतेची गोष्ट आहेच. शिवाय ही पाहणी उतारा वाचता येतो का एवढेच तपासते. ज्यांना तो वाचता आला, त्यांतल्या कितींना तो समजला, हा पुढचा प्रश्न उरतोच. घरी शिकवणाऱ्या पालकाकडे एक-दोन मुले असतात. हा पुढचा प्रश्न त्याला रोज विचारता येतो. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला ते शक्य होत नाही.

आणखी एक प्रयोग पालकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी तो १९८८ मध्ये अमेरिकेत केला. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची समजली जाणारी, पण बेसबॉल जाणणारी मुले ते वर्णन अधिक नीट सांगू शकली. वाचनात हुशार, पण खेळाची माहिती नसलेली मुले त्यांच्या मागे पडली. आकलन हे कुठेही लावावे असे सुटे कौशल्य नाही. ज्या जगाविषयी आपण वाचतो, ते जग किती ओळखीचे आहे यावर ते उभे असते.

इथे मराठवाड्यातले मूल फार नशीबवान आहे. पवित्र शास्त्राचे जग हे शेताचे, मेंढरांचे, विहिरींचे आणि दुष्काळाचे जग आहे. शिकागोतल्या मुलाला ज्यासाठी चित्रांचे पुस्तक आणावे लागते, ते कंधारच्या किंवा औशाच्या मुलाला घराबाहेर दिसते. रूथच्या पुस्तकात विधवा सून परक्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागे सरवा वेचते. ज्वारीची काढणी झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचणाऱ्या बाया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला तो प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. त्याला सांगायचे ते एवढेच, की शेताच्या कडेचे पीक कापू नये, पडलेले वेचू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावे, असा नियम लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. मग मूल आपणच विचारते, की रूथला तर कोणी हाकलायला नको होते, तरी बवाजाने गड्यांना मुद्दाम का बजावले? या प्रश्नाला वाचन म्हणतात. नियम असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते, हे मुलाला त्या शेतातच दिसते.

त्याच पुस्तकाचा आरंभ दुष्काळाने होतो. बेथलेहेमात अन्न नाही म्हणून एक कुटुंब मवाबात जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली आई आज मुलाला रूथ वाचून दाखवत असेल, तर पहिल्या अध्यायावर तिच्याइतके चांगले भाष्य कोणताही ग्रंथ देणार नाही. तिने ते सांगावे. गाव सोडून पुण्याला गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या माणसांविषयी बोलावे. मग नामी परत येते तेव्हा गावातल्या बाया तिला ओळखतात की नाही ते वाचावे.

पण ओळखीचे जग फसवतेही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत. आपल्याकडे बाप चाड्यावर मूठ धरतो आणि तिफणीच्या नळ्यांतून बी थेट तासात पडते, हे पाहिलेले मूल म्हणेल, ‘हा कसला शेतकरी? वाटेवर कशाला पेरायलाय?’ हा प्रश्न दडपू नये. त्या देशात बी मुठीने फोकून पेरत. शेतातून पायवाटा जात आणि फोकताना चार दाणे इकडेतिकडे जाणारच. एवढे कळले की दाखल्यातला पेरणारा अडाणी न वाटता हात न आखडणारा वाटू लागतो. खडकाळीचे मात्र समजावून सांगावे लागत नाही. माती उथळ म्हणून कोंब लवकर वर येतो आणि उन्हात करपतो, हे बालाघाटाच्या माळावर दुबार पेरणी केलेल्या घरात कोणाला सांगायचे?

उत्तम शोमरोन्याच्या बाबतीत उलट घडते. तिथे ओळख नाही, आणि नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. मुलाने ‘शोमरोनी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो ‘उत्तम’ या विशेषणासह. त्यामुळे शोमरोनी म्हणजे दयाळू माणूस, असे त्याच्या मनात बसते आणि दाखल्याचा धक्का निघून जातो. यहुदी आणि शोमरोनी यांचे एकमेकांशी पाणीही चालत नव्हते, हे वाचनाच्या आधी सांगायला हवे. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची बाई येशूला याविषयीच विचारते. मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत अशी आजी असेल, जिला गावच्या विहिरीवर चढता येत नव्हते आणि वरून कोणी ओतेल तेव्हाच पाणी मिळत होते. हा अध्याय वाचताना तिला मुलांच्या शेजारी बसवावे. ती सांगेल ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येणार नाही. पण मूल तो अध्याय जन्मभर विसरणार नाही.

ग्रंथ वाचायचा आणि लगोलग त्याचा अर्थ सांगायचा, ही पद्धत पवित्र शास्त्रातच आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात पाणीवेशीपुढच्या चौकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावतात. प्रेषितांच्या कृत्यांत, पुन्हा आठव्याच अध्यायात, रथात बसून यशया वाचणाऱ्या कुशी अधिकाऱ्याला फिलिप्प आधी एवढेच विचारतो, की वाचता ते समजते आहे का? कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो अधिकारी मोकळेपणाने कबूल करतो आणि फिलिप्पाला रथात शेजारी बसवून घेतो. शिक्षकाची जागा कोणती, ते इथे दिसते. फिलिप्प समोर उभा राहून परीक्षा घेत नाही, शेजारी बसतो.

मराठवाड्याच्या मातीत हे नवे नाही. श्रावणात देवळात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगतो, आणि म्हातारी माणसे मध्येच प्रश्न विचारतात. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. अर्थ लावण्याआधी शब्द नेमका काय आहे ते पाहावे, ही शिस्त आपल्याला सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. नांदेडला तर १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथालाच दिले. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. अशा गावात वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाला, शेजारची माणसेही एका ग्रंथाभोवती जगतात हे दिसावे. वाचनाविषयीचा आदर त्यातून वाढतो.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास तर बराचसा घरच्या शाळेचाच इतिहास आहे. पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्यापायी पंडितांचा रोष पत्करला. म्हातारपणी त्यांना शिकवणे जमेना, तेव्हा आईने, लक्ष्मीबाईंनी, घरकामाला लागण्याआधी पहाटे उठवून रमेला शिकवले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचत फिरे. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे, पण श्रवणाचे पुण्य मिळते म्हणून लोक बसत. अर्थ सांगण्याची गरज कोणाला वाटत नसे, हे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवून ठेवले आहे. त्याच बाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे पवित्र शास्त्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी घालवली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याआधी हे काम त्यांनी पुरे केले. न कळणारा पाठ ऐकवत ज्यांचे बालपण गेले, त्यांना कळण्याची किंमत किती वाटत होती, याचा हा पुरावा आहे.

दुसरे घर कवी नारायण वामन टिळकांचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. लिहिणे-वाचणे त्या नवऱ्याकडून, संसाराच्या धबडग्यात शिकल्या. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे ताटातुटीची, रागाची आणि शोधाची होती. पुढे अहमदनगरच्या त्या घरात कविता हा रोजच्या बोलण्याचा विषय होता. बालकवी ठोमरे तिथे घरच्या मुलासारखे राहिले. ठोमरे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांनी व्हावे म्हणून कोणी त्यांच्या कवितेचे मोल कमी केले नाही. या घरात अक्षरओळख झालेल्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात निघालेले हे पुस्तक मराठी गद्याचा एक मानदंड मानले जाते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही बहुतांशी त्यांनीच पुरे केले. मोठ्याने वाचणे, ऐकणे, त्यावर बोलणे, भांडणे, पुन्हा सांगणे, असा हा अभ्यासक्रम होता. मला तो आजही सर्वांत विश्वासार्ह वाटतो.

जगभरच्या घरच्या शाळांत आज ज्या पद्धतीचा फार बोलबाला आहे, ती याच्या जवळचीच आहे. इंग्लंडातल्या शार्लट मेसन या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १८८६ मध्ये गृहशिक्षणावरचे आपले पहिले पुस्तक लिहिले. त्यांचा आग्रह दोन गोष्टींचा. मुलांना सारांश आणि संक्षेप न देता ज्यात लेखकाचा जीव उतरला आहे अशी खरी पुस्तके द्यावीत. आणि एकदाच लक्ष देऊन ऐकल्यावर मुलाने ते स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगावे. मध्ये तोडायचे नाही, खुणा द्यायच्या नाहीत. सांगून झाल्यावर काय सुटले ते इतरांनी भरावे. कीर्तनातले आख्यान ऐकून घरी येऊन ते जशाच्या तसे लावणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात परके काही वाटणार नाही. टिळकांनीही कीर्तनाचा हाच साचा ख्रिस्ती मंडळीत वापरला होता.

इथे एक कळकळीची विनंती. मुलाला आपल्या बोलीत सांगू द्यावे. ‘दावीद गाढ झोपलेला शौल बघितला अन् त्याचा भाला घेऊन गेला, मारला नाई. कामून मारला नसंल?’ असे नांदेडचे मूल म्हणाले तर ‘कामून’ दुरुस्त करायला थांबू नका. त्याने कथेतला सर्वांत मोठा प्रश्न पकडला आहे. शास्त्राची भाषा जुनी आणि पुस्तकी, शाळेची प्रमाण, घरची मराठवाडी. त्यात काही घरांत तेलुगू किंवा दखनीही. जे पुस्तकी भाषेत वाचले ते आपल्या भाषेत सांगता येणे, हाच समजल्याचा पुरावा आहे. प्रमाण भाषा लिहिण्याच्या वेळी, वेगळ्या तासाला शिकवता येते.

प्रश्न विचारण्याची रीतही बदलायला हवी. नाथान संदेष्टा दावीद राजाला गोष्ट सांगतो : एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे, एका गरिबाकडे एकच कोकरू, आणि श्रीमंत पाहुण्यासाठी गरिबाचे कोकरू कापतो. राजा संतापतो आणि शिक्षा सुनावतो. घरी वाचताना इथे थांबावे. ‘दाविदाला गोष्ट समजली का?’ असे विचारावे. मुले ‘हो’ म्हणतात, आणि ते खरे आहे. घटना, अन्याय, राग, सगळे त्याला समजले. ती गोष्ट कोणाविषयी आहे एवढेच समजले नाही. मग पुढे वाचावे. नाथानाने गरिबाच्या कोकराचे वर्णन इतके लांबवले, ते त्याच्या ताटात जेवत होते, त्याच्या कुशीत निजत होते असे सांगितले, आणि श्रीमंताचे मात्र एका वाक्यात आटोपले. असे का, ते विचारावे. कथाकार कुठे रेंगाळतो आणि कुठे घाई करतो हे पाहणे, हे साहित्याच्या अभ्यासाचे पहिले पाऊल आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते जमते. उत्तर सांगताना त्याने ओळीवर बोट ठेवून दाखवावे, एवढी एकच अट घालावी. ‘मला वाटतं’ चालेल, पण ‘कशावरून’ हवेच.

लातूरमध्ये बसून हे लिहिताना लातूर पॅटर्नविषयी बोलणे भाग आहे. पाठांतर, सराव-चाचण्या, पुन्हा चाचण्या आणि कडक वेळापत्रक यांच्या बळावर या जिल्ह्याने खेड्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारापर्यंत नेले. ते यश खरे आहे, कष्टाचे आहे. पण जीवशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नाला चालणारी पद्धत कवितेला लावली, की कवितेचे ‘रसग्रहण’ पाठ होते आणि कविता वाचायची राहून जाते. घरी शिकवणाऱ्या पालकांनाही हाच मोह होतो : शास्त्रभागावर वीस प्रश्न, वीस उत्तरे, शंभरपैकी गुण. शौलाच्या मुलाचे नाव काय, तारू किती हात लांब होते, हे प्रश्न स्मरणाचे आहेत. संडे स्कूलच्या स्पर्धेला ते असू देत. त्यांवरून आकलन मोजू नये.

मग फक्त पवित्र शास्त्रच वाचायचे का? अशी काही घरे आहेत आणि त्यांची भीती मला समजते. तरी मराठी ख्रिस्ती परंपरेने अशी कुंपणे घातलेली नव्हती. गोव्यात थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत, जवळजवळ ११ हजार ओव्यांचे, मराठी पुराणांचीच चाल घेऊन. टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे स्वतः सांगत. बन्यनच्या रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ १८४१ चे, आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ओळखली जाणारी कथा १८५७ ची. विधवांचे दुःख सांगण्यासाठी त्यांनी गोष्टीचा आधार घेतला. अमेरिकन मिशनने मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक कितीतरी वर्षे चालवले. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला यमुनेची सगळी कथा झेपणार नाही. पण आईने स्वतः वाचून त्यातला एखादा प्रवास तिला सांगावा.

संध्याकाळच्या वाचनाला ‘श्यामची आई’ फार योग्य आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक मुळातच रात्रींमध्ये विभागलेले आहे. श्याम रोज रात्री सोबत्यांना एक आठवण सांगतो. एक रात्र वाचावी आणि ती उधळ्या पुत्राच्या शेजारी ठेवून पाहावी. श्यामची आई रागावते, शिक्षा करते, रडते. दाखल्यातला बाप धावत जातो. दोन्हीकडे प्रेमच आहे. यांत फरक कोणता? दहा वर्षांचे मूल या प्रश्नावर अर्धा तास बोलू शकते. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ वाचावी आणि जखमी पक्षीण पिलांकडे परत का येते यावर बोलावे. नामदेव, जनाबाई यांचे अभंग वाचावेत. जनाबाई तर जवळच्या गंगाखेडची. देवाशी भांडणारी तिची भाषा आणि स्तोत्रकर्त्याची तक्रार एकाच आठवड्यात वाचली, तर मुलाला दोन्ही जवळची होतील.

ज्याच्याशी आपले पटत नाही तेही नीट वाचावे कसे, हे शिकण्यासाठी नांदेडकरांना दूर जायला नको. नरहर कुरुंदकर तिथल्याच प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झालेला हा माणूस महाराष्ट्राच्या मोठ्या वाचकांपैकी एक होता. ते निरीश्वरवादी होते. तरी ‘मनुस्मृती’ असो की एखादी कादंबरी, ग्रंथाचे म्हणणे काय आहे ते आधी पूर्ण मांडायचे आणि मगच आपला निकाल द्यायचा, अशी त्यांची रीत होती. मोठ्या मुलांना त्यांचे एखादे व्याख्यान वाचायला द्यावे. श्रद्धावान घराने या शिस्तीला घाबरण्याचे कारण नाही. आपला ग्रंथ जो असा वाचेल, त्याचाच विश्वास उद्या प्रश्नांसमोर टिकेल.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या दहाव्या कलमाने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. ते न पाळल्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाविषयी कायदा स्पष्ट काही बोलत नाही. घरी शिकलेली मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून परीक्षा देतात. तिथे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते आणि माध्यम मराठीही घेता येते. राज्य मंडळाच्या लातूर विभागाकडून सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याची वाट आहे, पण तिच्या अटी आणि मुदती आधी पाहून घ्याव्यात. परीक्षेतला अपठित उतारा हा या मुलांना सहसा अवघड जाऊ नये. वर्षानुवर्षे ती दुसरे काय करत आलेली असतात?

ज्या पालकांना कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांनी रूथपासून करावी. चार अध्याय, चार संध्याकाळी. पहिल्या दिवशी काही शिकवू नका, फक्त मोठ्याने वाचा आणि मुलाकडून ऐका. आणि स्वतःसाठी ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत घरात आणा. मुलांना द्यायच्या आधी आईने आणि बाबांनी ती वाचावी, जमल्यास एकमेकांना वाचून दाखवावी.